प्रश्नचिन्ह कोणी वाचायचे?

रडल्याशिवाय आईदेखील मुलाला पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मागितल्याशिवाय मिळत नाही, हा त्यातला व्यवहार झाला. परंतु या म्हणीत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती इतकी स्वाभाविक आहे की तिचा वेगळा उच्चार करण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही. ती अशी की, रडल्यामुळे मुलाचे नुकसान होत नाही. फार तर दूध मिळणार नाही. पण रडला म्हणून त्याचा पाळणा कोणी उलटा करणार नाही. मदत मागणे ही जगातील सर्वांत निरुपद्रवी कृती असावी, अशी आपली साधी अपेक्षा असते. संगणकाच्या जगात मात्र मदत मागण्याची एक पद्धत अशी रूढ झाली आहे की, तिच्यात पाळणा उलटण्याचा संभव आहे. ती पद्धत म्हणजे आज्ञेच्या पुढे एक आडवी रेघ आणि प्रश्नचिन्ह टंकणे: ‘-?’. ही पद्धत शिकवणाऱ्यांनी शिकवू नये, शिकणाऱ्यांनी वापरू नये आणि प्रोग्रॅम रचणाऱ्यांनी तिला थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तसे का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काही प्राध्यापक मंडळींना वाटेल. त्यांच्यासाठी थोडा खुलासा. आज जुन्या ग्रंथातील एखादा शब्द किती वेळा आला हे मोजावयाचे असेल, हजारो ओळींचा मजकूर अकारविल्हे लावावयाचा असेल, दोन पाठांतील फरक शोधावयाचा असेल, तर ही कामे आपल्यापैकी पुष्कळजण लिनक्सवर किंवा मॅकवर आज्ञा टंकून करतात. काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या त्या रेघेशी आता फक्त विज्ञान शाखेचेच नाते राहिलेले नाही. शिवाय प्रश्न मुळात भाषेचाच आहे. एक चिन्ह लिहिले, ते कोणासाठी लिहिले आणि प्रत्यक्षात आधी वाचले कोणी, हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याचा नाही तर कोणाचा? (या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.)

आता मूळ गोष्टीकडे वळू. आपण आज्ञा टंकतो तेव्हा ती थेट त्या प्रोग्रॅमकडे जाते, असा नवख्याचा समज असतो. तसे घडत नाही. मध्ये ‘शेल’ नावाचा एक मध्यस्थ बसलेला असतो. कचेरीच्या बाहेर अर्ज लिहून देणारा बसतो ना, तसाच हा. आपण तोंडी सांगावे, त्याने आपल्या पद्धतीने अर्ज लिहावा, आणि आत बसलेल्या साहेबाने फक्त तो अर्ज वाचावा. आपले मूळ शब्द साहेबाच्या कानावर कधीच पडत नाहीत.

या अर्ज लिहिणाऱ्याला काही खुणा ठाऊक आहेत. त्यांना ‘वाइल्डकार्ड’ म्हणतात. रमीतल्या जोकरासारख्या त्या कोणत्याही पानाची जागा घेतात. ताऱ्याची खूण ‘*’ म्हणजे कितीही आणि कोणतीही अक्षरे, प्रश्नचिन्ह ‘?’ म्हणजे कोणतेही, पण नेमके एक अक्षर. ‘प्रकरण?’ असे लिहिले की शेल आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तेथील फायलींची नावे पाहतो, आणि ‘प्रकरण१’, ‘प्रकरण२’, ‘प्रकरण३’ अशी जी नावे जुळतील ती त्या जागी लिहून आज्ञा पुढे पाठवतो. प्रोग्रॅमला दिसतात ती तीन पुरी नावे. मूळ प्रश्नचिन्ह त्याच्या नजरेस पडतच नाही.

ही रचना मूर्खपणाची आहे, असे मुळीच नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले, तेव्हा 1971 च्या पहिल्या आवृत्तीत या खुणांचा विस्तार करण्याचे काम ‘ग्लॉब’ नावाच्या एका स्वतंत्र प्रोग्रॅमकडे होते. पुढे 1979 मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले, आणि ते काम शेलच्या पोटातच गेले. यात मोठी सोय होती. एकदा शेलला ही विद्या आली की प्रत्येक प्रोग्रॅमला ती वेगवेगळी शिकवावी लागत नाही. पन्नासांहून अधिक वर्षे ही सोय टिकली, ती काही उगाच नव्हे. दोष त्या सोयीत नाही. जे चिन्ह आधीच शेलच्या चाकरीत आहे, तेच मदत मागण्यासाठी निवडण्यात दोष आहे.

तर मग ‘-?’ असे टंकले की काय होते? तीन शक्यता आहेत.

पहिली शक्यता. आपण बॅश नावाच्या शेलमध्ये आहोत, आणि आडवी रेघ अधिक एक अक्षर अशा दोन अक्षरी नावाची एकही फाईल त्या फोल्डरमध्ये नाही. काही जुळले नाही तर बॅश ती खूण जशीच्या तशी पुढे पाठवते. प्रोग्रॅमला ‘-?’ मिळते, मदतीचा मजकूर पडद्यावर येतो, आणि विद्यार्थी समाधानाने वहीत लिहून ठेवतो की, मदत हवी तर असे टंकावे. नव्याण्णव वेळा हेच घडते. सवय लागते ती येथे.

दुसरी शक्यता. आपण झेड-शेलमध्ये किंवा जुन्या सी-शेलमध्ये आहोत. या शेलांचा स्वभाव निराळा. काही जुळले नाही तर ‘जुळणारे काही सापडले नाही’ अशा अर्थाचा निरोप देऊन ती तेथेच थांबतात. प्रोग्रॅम सुरूच होत नाही. 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅक संगणकावर नव्या वापरणाऱ्याला झेड-शेलच मिळते. म्हणजे पुस्तकात ‘-?’ वाचून ते टंकणाऱ्या विद्यार्थ्याला मदतीऐवजी हा कोरडा निरोप मिळतो. त्याने कोणतीही फाईल शोधली नव्हती, मग सापडले नाही ते काय? बिचारा समजतो की प्रोग्रॅमच यंत्रावर नाही, किंवा आपल्याच हातून काही बिघडले. येथे नुकसान होत नाही, पण हिरमोड होतो. आणि पहिल्याच दिवशी झालेला हिरमोड कित्येकांना त्या विषयापासून कायमचा दूर नेतो.

तिसरी शक्यता सर्वांत वाईट. त्या फोल्डरमध्ये दोन अक्षरी, रेघेने सुरू होणाऱ्या नावाची एखादी फाईल खरोखरच आहे. मग शेल प्रश्नचिन्ह उचलून त्या जागी ते नाव लिहिते. युनिक्सच्या परंपरेत रेघ आणि अक्षर म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली सूचना. ‘-आर’ हे फाईलचे नाव आहे की वापरणाऱ्याने मुद्दाम दिलेली सूचना आहे, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग प्रोग्रॅमपाशी नसतो. अर्जात जे लिहिले ते साहेबाने खरे मानले. आपण विचारले ‘काय करू?’ आणि अर्जात उमटले ‘करून टाका’.

असल्या चमत्कारिक नावाची फाईल ठेवतो कोण, असे कोणी विचारील. मुद्दाम कोणी ठेवत नाही. ती चुकून तयार होते. शब्दांची यादी अकारविल्हे लावणारा ‘सॉर्ट’ हा प्रोग्रॅम घ्या. त्यात ‘-ओ’ ही सूचना दिली की तिच्या लगेच पुढे उत्तराच्या फाईलचे नाव द्यावे लागते, आणि ‘-आर’ म्हणजे क्रम उलटा लावा. आता घाईत कोणी ‘सॉर्ट -ओ -आर यादी’ असे टंकले, तर सॉर्ट ‘-आर’ हेच फाईलचे नाव समजतो आणि त्या नावाची फाईल निमूटपणे तयार करतो. फायलींचे गाठोडे बांधणाऱ्या ‘टार’ या प्रोग्रॅममध्येही नाव द्यावयाच्या जागी दुसरी सूचना पडली की असेच घडते. टंकणाऱ्याला पत्ता नसतो, आणि फाईल मात्र महिनोन्‌महिने त्या फोल्डरमध्ये पडून राहते.

आता समजा, त्याच फोल्डरमध्ये बसून कोणी ‘क्रॉनटॅब’ या आज्ञेची माहिती विचारली. ठरावीक वेळी आपोआप करावयाच्या कामांचे वेळापत्रक या आज्ञेने ठेवतात: रात्री अमक्या वेळी प्रत काढा, सोमवारी तमकी यादी तयार करा, इत्यादी. ‘क्रॉनटॅब -?’ असे टंकले. फोल्डरमध्ये ‘-आर’ पडलेली. शेलने लिहिले ‘क्रॉनटॅब -आर’. या सूचनेचा अर्थ: वेळापत्रक काढून टाका. सामान्यतः ही आज्ञा ‘नक्की ना?’ असे विचारतही नाही. मागितली माहिती, आणि गेले वेळापत्रक. वाईट असे की पडद्यावर काहीही उमटत नाही. नवखा म्हणतो, मदत आली नाही वाटते. आपण काय गमावले, हे त्याला रात्रीची कामे झाली नाहीत तेव्हा कळते. आणि तेव्हाही त्याचा संबंध त्या प्रश्नचिन्हाशी लावणे त्याला जमत नाही.

चुकीने जे घडते ते दुष्टाव्यानेही घडवता येते. अनेकांच्या वापरातील फोल्डरमध्ये सूचनेसारखी दिसणारी नावे असलेल्या फायली कोणी मुद्दाम ठेवल्या, आणि दुसऱ्याने तेथे ‘*’ वापरून ‘टार’सारखी आज्ञा दिली, तर त्या नावांच्या द्वारे परक्याच्या मनातील आज्ञा त्याच्या अधिकाराने चालवता येतात, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या लेखात उदाहरणांसह दाखवलेले आहे. तेथे खूण ताऱ्याची होती. प्रश्नचिन्हाला एकच अक्षर घेता येते म्हणून त्याचा आवाका लहान. पण तत्त्व तेच.

ही ‘-?’ची प्रथा आली कोठून? माझ्या मते तिची दोन मुळे आहेत. एक युनिक्सच्या घरातलेच. सूचना वाचण्यासाठी प्रोग्रॅममध्ये ‘गेटऑप्ट’ नावाची तयार सोय वापरतात. तिला अनोळखी सूचना दिसली की ती उत्तरादाखल प्रश्नचिन्ह परत देते, आणि मग प्रोग्रॅम वापराची थोडक्यात माहिती छापून थांबतो. म्हणजे अनेक प्रोग्रॅमांत ‘-?’ला मिळणारी मदत ही वस्तुतः मदत नव्हेच. ‘तुमचे म्हणणे कळले नाही’ ही ती तक्रार आहे. योगायोगाने लाभलेल्या या तक्रारीला लोकांनी रिवाज मानले. दुसरे मूळ डॉसमध्ये. 1991 च्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह टंकले की मदत मिळू लागली. तेथे ते बिनधोक होते, कारण डॉसमध्ये खुणांचा विस्तार मध्यस्थ करीत नसे. ज्या त्या प्रोग्रॅमला तो स्वतः करावा लागे. प्रश्नचिन्ह साहेबापर्यंत जसेच्या तसे पोचत असे. तिकडून इकडे आलेल्यांनी सवय तेवढी बरोबर आणली; ज्या व्यवस्थेमुळे ती बिनधोक होती ती तिकडेच राहिली. आजही मायएसक्यूएल, पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल, जावा अशा नामवंत प्रोग्रॅमांच्या माहितीपत्रकात ‘-?’ हा मदतीचा अधिकृत मार्ग म्हणून छापलेला आढळतो. थोरामोठ्यांनी ओटीवर मांडलेली वस्तू सुरक्षितच असणार, असे धाकट्यांना वाटल्यास नवल नाही.

या मतावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, अशी फाईल असण्याचा प्रसंग फार विरळा. एवढ्यासाठी गहजब कशाला? प्रसंग विरळा आहे, हे मी मान्य करतो. परंतु जे नेहमी घडते त्याविषयी माणूस सावध असतो. क्वचित घडते तेच बेसावध माणसाला गाठते. शिवाय येथे जोखीम कोणाच्या माथी येते हे पाहा. ज्याला येते तो मदत मागत नाही. मदत मागतो तो नवखा. म्हणजे ज्याला सर्वांत कमी ठाऊक आहे, त्याच्याच वाटेवर हा खड्डा आहे. जाणकाराने खणावा आणि नेणत्याने पडावे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप: प्रश्नचिन्ह अवतरणचिन्हांत घालावे, किंवा त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी, म्हणजे शेल त्याला हात लावत नाही. हे अक्षरशः खरे आहे, आणि उपयोगाच्या दृष्टीने अगदीच फोल आहे. ज्याला शेलच्या खुणा, त्यांचा विस्तार आणि तो रोखण्याची रीत ठाऊक आहे, त्याने मदतीचे दार ओलांडून पुष्कळ काळ लोटलेला असतो. दार उघडण्याची किल्ली घराच्या आत ठेवून पाहुण्याला बाहेर उभे करण्यासारखेच हे झाले.

तिसरा आक्षेप: मग प्रश्नचिन्ह सोडून ‘-एच’ वापरावे, हेल्प या शब्दाचे ते आद्याक्षरच आहे. हा मार्ग अधिक बरा, पण तोही निर्धास्त नाही. एच हे अक्षर आधीच अनेकांच्या घरी कामाला आहे. ‘डीएफ’मध्ये त्याचा अर्थ आकडे माणसाला वाचता येतील असे दाखवा. ‘ग्रेप’मध्ये त्याचा अर्थ फाईलचे नाव छापू नका. पीएसक्यूएलमध्ये त्याच्या पुढे दुसऱ्या यंत्राचे नाव द्यावे लागते. आणि ‘शटडाउन’ या आज्ञेत ‘-एच’ म्हणजे यंत्र थांबवा. अधिकार असलेल्या माणसाने ‘शटडाउन’ची माहिती अशा रीतीने विचारली, तर त्याला माहिती मिळण्याऐवजी यंत्रच बंद होऊ लागेल.

चौथा आक्षेप जरा खोल आहे: दोष शेलचा आहे, शेलच सुधारा. या बाबतीत माझे मत असे की, झेड-शेलचा नकार कितीही त्रासदायक वाटला तरी तो बॅशच्या मौनापेक्षा प्रामाणिक आहे. जुळले नाही तर तसे सांगावे. ‘चालेल, जाऊ द्या’ म्हणून पुढे ढकलू नये. बॅशलाही असे वागायला लावणारी सूचना आहे, पण ती मुळात बंद असते. तथापि हा उपाय दुसऱ्या शक्यतेपुरताच. फाईल खरोखरच आहे, तेव्हा शेलने तिचे नाव लिहिले हे त्याचे ठरलेले कामच झाले. तेथे त्याला दोष देता येत नाही. अर्ज लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले. आपणच त्याच्या भाषेतली खूण साहेबासाठी वापरली.

मग निर्धास्त मार्ग कोणता? दोन आहेत, आणि दोन्ही जुने आहेत. पहिला म्हणजे दोन आडव्या रेघा आणि पूर्ण शब्द: ‘--हेल्प’. प्रत्येक प्रोग्रॅमने ही सूचना ओळखावी, असा जीएनयू प्रकल्पाच्या लेखन-नियमांचा आग्रह आहे. या शब्दात शेलला अर्थ लावता येईल अशी एकही खूण नाही; म्हणून तो जसाच्या तसा आत पोचतो. जे प्रोग्रॅम त्याला ओळखत नाहीत, तेही बहुधा तक्रार करून आणि वापराची रीत छापून थांबतात. दुसरा मार्ग त्याहून सुरक्षित. ‘मॅन’ ही आज्ञा टंकावी आणि पुढे ज्याची माहिती हवी त्याचे नाव: ‘मॅन क्रॉनटॅब’. येथे क्रॉनटॅब हा प्रोग्रॅम चालतच नाही. त्याच्याविषयीचे पान तेवढे उघडते. वाघाची माहिती वाघाला न विचारता पुस्तकात वाचावी, त्यातलाच हा प्रकार. युनिक्सची माहितीपुस्तिका 1971 पासून त्याच्यासोबत आहे. विचारणाऱ्याची सोय त्या मंडळींनी आरंभीच केली होती, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याला एक गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. प्रश्नचिन्ह मराठीत आले ते इंग्रजी राजवटीत, छापील पुस्तकांबरोबर. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यापूर्वीच्या मोडी कागदपत्रांत प्रश्नचिन्ह नव्हते, म्हणून लोक प्रश्न विचारत नव्हते काय? ‘का’, ‘काय’, ‘कसे’ हे शब्द ते काम पुरेपूर करीत होते, आणि वाचणाऱ्याची गफलत होत नव्हती. चिन्हाचा अर्थ वाचणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो. शब्द त्या मानाने आपला अर्थ स्वतःबरोबर घेऊन हिंडतो. शेलचे प्रश्नचिन्ह तर आपल्या लिपीशी आणखीच विचित्र वागते. ‘नेमके एक अक्षर’ म्हणजे त्याच्या लेखी संगणकातील एक सुटे चिन्ह. म्हणून ‘-र’ या नावाशी ते जुळते. पण ‘-री’ या नावाशी जुळत नाही, कारण र आणि दीर्घ वेलांटी ही त्याच्या हिशेबी दोन निरनिराळी चिन्हे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते त्याला एक वाटत नाही. चिन्हावर विसंबण्यापूर्वी वाचणारा कोण हे पाहावे, याला याहून घरगुती दाखला दुसरा कोणता हवा?

असो. सांगावयाचे ते थोडक्यात असे. आपल्यापैकी जे टिपणे लिहितात, जे धाकट्या वर्गाला संगणकाचे पहिले धडे देतात, त्यांनी आपल्या कागदांतून ‘-?’ काढून टाकावे आणि त्या जागी ‘मॅन’ व ‘--हेल्प’ लिहावे. उद्या आपल्यापैकी कोणी प्रोग्रॅम रचू लागला, तर त्याने मदतीसाठी शब्द ठेवावा, चिन्ह ठेवू नये. आणि एखाद्या फोल्डरात रेघेने सुरू होणारी फाईल दिसली, तर नावाच्या आधी ‘./’ लावून तिचे नाव बदलावे, म्हणजे पुढच्याच्या वाटेतला एक काटा कमी होईल. काम दोन मिनिटांचे आहे. पण विचारणाऱ्याला विचारल्याबद्दल शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व दोन मिनिटांचे नाही. वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये, हे आपण एकमेकांना सांगतो. यंत्राच्या दारातही तोच शिष्टाचार पाळला जावा, एवढीच मागणी आहे.